खिडकीतली ओवाळणी

मी फक्त साडी परत द्यायला गेलो होतो.

भाऊबीजेच्या दुपारी दिलीपकाकांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच हळू, प्रत्येक शब्द पुसून ठेवल्यासारखा. "साकेत, राणीसाहेबांची अंजिरी पैठणी तुमच्याकडे राहिली आहे. क्षिप्रानं रफूला नेली होती. सणाचं वस्त्र आहे, घराबाहेर राहू नये. आणून देशील?"

"आणतो," मी म्हणालो.

साडी ताईच्या कपाटात होती, मलमलीत गुंडाळलेली. ताई गेल्यापासून आईनं ते कपाट कुणाला उघडू दिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र तीच उठली, साडी काढून पिशवीत घातली आणि परत पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

क्षिप्रा माझी मोठी बहीण. भाद्रपदात तिला डेंग्यू झाला आणि ती गेली. याहून मोठं करून सांगण्यासारखं त्यात काही नाही. इस्पितळात नेताना म्हणाली, "साक्या, माझ्या वाटणीची जिलेबी ठेव हां." मी ठेवली होती. मुंग्यांनी खाल्ली.

आम्ही बुराडीला राहतो. वडील सरकारी खात्यात शिपाई होते, बदली होऊन दिल्लीत आले आणि इथेच संपले. मी आठवीत शाळा सोडली. उन्हाळ्यात एसी बसवतो, थंडीत गीझर. घर चालायचं ते ताईच्या नोकरीवर.

ताई आंबेझरी हाऊसमध्ये कामाला होती. हिंदूरावच्या टेकडीच्या उतारावर, झाडांच्या आत ते घर आहे. आंबेझरी हे एक लहानसं मराठी संस्थान होतं. संस्थान गेलं, दिल्लीतलं घर राहिलं. तिथे राणीसाहेब विजयालक्ष्मीराजे राहतात आणि त्यांचा सगळा कारभार दिलीपकाका बघतात. राणीसाहेबांची औषधं, मालिश, वेणीफणी, पेपर वाचून दाखवणं हे सगळं ताई करायची.

त्या घराण्याची एक रीत आहे. म्हणे आंबेझरीचे पुरुष पानिपतावर गेले ते परत आलेच नाहीत. पुढची भाऊबीज आली तेव्हा गावात ओवाळायला भाऊच उरले नव्हते. तेव्हाच्या राणीनं वरच्या खिडकीत उभं राहून, खाली जे कुणी पोरंसोरं, म्हातारे, वाटसरू होते त्या सगळ्यांना एकदम ओवाळलं. तेव्हापासून दर भाऊबीजेला दिवेलागणीला राणी खिडकीत येते, ताट फिरवते, खाली उभे असलेले मुजरा करतात. दिल्लीत आल्यावरही हे चालू राहिलं. मराठी मंडळाचे लोक यायचे, ऑफिसांतले पुण्या-मुंबईचे लोक मुलांना घेऊन यायचे, पानिपतहून तर बस यायची. लढाईनंतर तिकडेच राहिलेल्या मराठ्यांचे वंशज. बोलतात हरियाणवी, पण राणीसाहेबांना बहीण मानतात.

मग राणीसाहेबांना अर्धांगाचा झटका आला. तोंडाची एक बाजू खाली लोंबली. त्या कुणाला भेटेनात. लोक मात्र बोलू लागले. कुणी म्हणे त्या लंडनला गेल्या, कुणी म्हणे वेड लागलं, पहिल्यापासूनच घराण्यात होतं. कुणी म्हणे चेहरा भाजला. कुणी म्हणे इस्टेटीसाठी कोंडून ठेवलंय. दिलीपकाकांना घाबरायला झालं आणि त्यांची नजर ताईवर गेली. उंची तीच, अंगलट तीच. कपाळापर्यंत पदर, नाकात नथ, वरच्या मजल्याची खिडकी, संध्याकाळचा उजेड. कोण ओळखणार?

ताईनं मला शपथ घालून सांगितलं होतं. "अरे, हजार भाऊ झाले मला आज."

"मग माझ्याकडे काय मागतेस? त्यांच्याकडे माग."

"ते खाली उभे राहतात रे. वर येऊन फुकटचा चहा कोण ढोसतो? तूच ना?"

दोन वर्षं ताई राणीसाहेबांच्या जागी खिडकीत उभी राहिली, त्या दोन्ही वर्षी मी खाली गर्दीत उभा होतो. आमची एक खूण होती. लहानपणापासून ताई मला ओवाळून झालं, की ताट तळहातावर दोनदा वर-खाली करायची, वाण्यानं जोखावं तसं, आणि म्हणायची, "हलकंच आहे." खिडकीतही ओवाळून झाल्यावर तिनं ते ताट दोनदा वर-खाली केलं. लोकांना वाटलं रीतच असेल. मी खाली एकटा हसत होतो.

आता ती नाही, आणि लोकांनी तिचं मरणसुद्धा तिचं राहू दिलं नाही.

झालं असं, की इस्पितळातून तिला घाटावर न्यायला दिलीपकाकांनी घरची गाडी पाठवली होती. चांगल्या मनानं पाठवली. त्या गाडीवर आंबेझरीचं चिन्ह आहे. कुणीतरी व्हिडिओ काढला. दुसऱ्या दिवशी तो सगळीकडे होता. 'राणीसाहेबांचा गुपचूप अंत्यविधी.' माझ्या बहिणीची चिता, त्यावर दुःखाचं संगीत, आणि मी मडकं खांद्यावर घेऊन चालतोय, खाली लिहिलेलं, 'वारस पुतण्या'. लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली. कुणी लिहिलं, विष घातलं. मी एकेकाला उत्तर देत बसलो, ही माझी ताई आहे, क्षिप्रा. त्यावर एकानं विचारलं, "भाई, तुझे कितने पैसे मिले चुप रहने के?" मी फोन भिंतीवर फेकला.

मला एवढंच हवं होतं. गेली ती माझी बहीण होती, हे कुणीतरी मोठ्या माणसानं मोठ्यानं सांगावं. साडी द्यायला जाताना मी तेच ठरवून निघालो होतो. राणीसाहेबांच्या पायाशी पिशवी ठेवायची आणि म्हणायचं, सांगा लोकांना.

पण त्याआधी दहाव्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

दहाव्याला आम्ही यमुनेच्या काठी होतो. आसपास इतरांचीही कार्यं चालली होती, पण ते लोक पिंड नदीत सोडून निघून जात होते. कावळ्याची वाट बघत आपण मराठी माणसंच बसतो. वर घारी फिरत होत्या. एक कावळा होता, फुटक्या होडीच्या काठावर. पिंडाकडे बघायचा, मान वाकडी करायचा, पण खाली यायचा नाही. गुरुजी म्हणाले, "काहीतरी मागे राहिलंय बाईंचं. बोला."

आई म्हणाली, "साकेतचं लग्न करीन मी, तू काळजी करू नकोस." कावळा हलला नाही. मी म्हणालो, "ताई, कुणाशी भांडणार नाही, आईला सोडून जाणार नाही." तो पंख साफ करत बसला. ऊन चढलं. चिखलाचा वास यायला लागला. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेव्हा मागे उभे असलेले दिलीपकाका पुढे आले. चप्पल काढली, हात जोडले आणि त्या पिंडाशी बोलावं तसं बोलले.

"क्षिप्रा, खिडकी तुझीच. तुझ्याशिवाय तिथे दुसरं कुणी उभं राहणार नाही. आंबेझरीचा शब्द आहे."

शब्द पुरा व्हायच्या आत कावळा उतरला.

आम्हाला सुटल्यासारखं झालं. आईनं तर दिलीपकाकांना वाकून नमस्कार केला. जाणाऱ्याला काहीतरी सांगायचं असतं, म्हणून सांगतात. नंतर त्याचा कुणी विचार करत नाही. मीही केला नाही.

तर, भाऊबीजेला मी साडी घेऊन निघालो. फटाक्यांचा धूर अजून खाली बसलेला होता. सूर्य तांब्याच्या पैशासारखा, नुसत्या डोळ्यांनी बघता येत होता. टेकडीच्या रस्त्याला लागलो तसा सप्तपर्णीचा वास आला. या दिवसांत दिल्लीत ती झाडं फुलतात. लोकांना आवडतो तो वास. मला तेव्हापासून ओकारी येते.

फाटकाशी एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. निम्मे लोक ओवाळून घ्यायला आलेले, निम्मे हातात फोन धरून. एक पोरगा काठीवर दिवा लावून बोलत होता, "तो दोस्तों, आज पता चलेगा रानी ज़िंदा है या नहीं." पानिपतहून दोन दिवस आधीच येऊन राहिलेला एक पगडीवाला म्हातारा त्याच्यावर खेकसला, "के बकवास करै सै? काल साँझ नै देखी सै मन्नै. दीवा दिखावै थी."

मी थांबलो. "बाबा, काल? खिड़की में?"

"परसों भी. मेरे पोते तै पूछ ले."

नातवानं फोन दाखवला. धुरकट चित्र होतं. वरची खिडकी, आत काळोख, त्यात एक लहान पिवळा ठिपका. तो गोल फिरत होता. एकदा, दोनदा, तीनदा. मग थांबला. मग दोनदा वर-खाली झाला.

मी फोन परत दिला. पिशवी घट्ट धरून मी गर्दीतून मागच्या दाराकडे वळलो.

दिलीपकाकांनी मला मागच्या दारानं आत घेतलं. घरात दिवे नव्हते. त्यांनी पिशवीकडे पाहिलंही नाही. "आलास," म्हणाले. "बरं झालं... साडीचं निमित्त होतं. फोनवर सांगता आलं नसतं."

"वर कोण उभं राहतंय, काका? नवीन बाई ठेवली का?"

त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्यापुढे धरली. "क्षिप्रा गेली त्या दिवसापासून ती खोली बंद आहे. कुलूप मी घातलंय. किल्ली माझ्याकडे आहे."

राणीसाहेब खालच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच एवढ्या जवळून पाहत होतो. चेहऱ्याची डावी बाजू मेणासारखी ओघळलेली. तो डोळा मिटत नव्हता. साधं सुती नऊवार, अंगावर शाल. मी जे ठरवून आलो होतो ते बोलायला तोंड उघडलं, पण त्याच आधी बोलल्या. शब्द ओठाच्या एका कोपऱ्यातून येत होते.

"तिला... इथलीच पुरणपोळी आवडायची. बाहेरची नाही."

"हो," मी म्हणालो.

"आमच्या नावावर लोकांनी... तिला जाळलं. आम्ही पाहिलं ते." त्या श्वास घ्यायला थांबल्या. "आम्हाला आज खिडकीत उभं राहायचंय, साकेत. स्वतः. हे तोंड घेऊन. सांगायचंय, गेली ती क्षिप्रा. तिचं नाव घ्यायचंय."

मला रडू आलं. मी जे मागायला आलो होतो ते न मागता मिळत होतं.

"मग चला ना, राणीसाहेब. लोक उभे आहेत."

"ती जागा सोडत नाही."

तेव्हा मला ऐकू आलं. वरून, छतातून. बांगड्यांचा बारीक आवाज, कुणी कणीक मळावी तसा, एका लयीत. ताट घासत असेल कुणी. ताई सणाच्या दिवशी ताट स्वतःच चिंचेनं घासायची.

दिलीपकाका अगदी हळू म्हणाले, "वसुबारसेपासून ऐकतोय. मी गेलो होतो वर, दाराबाहेरून सांगितलं, शब्द परत घेतो, तू जा बेटा. आतून... काही नाही. फक्त दिवा विझला आणि परत लागला. मी दिलेला शब्द मला मागे घेता येत नाही रे. मी तिचा कोण? तू भाऊ आहेस. तू जा म्हण. तुझं ऐकेल ती."

"एकच शब्द," राणीसाहेब म्हणाल्या. "जा. बाकीचं आम्ही करतो."

मी पिशवी तिथेच खुर्चीशी ठेवली आणि किल्ली घेतली. ठेवताना ती फार हलकी लागली. वाकून बघितलं तर आत नुसती मलमल होती, घडीच्या घडी, साडीच्या आकाराची. दिलीपकाकांनीही पाहिलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

जिना लाकडी होता. वर सप्तपर्णीचा वास नव्हता. तुपाचा होता, निरांजनातल्या, जरा जळलेल्या तुपाचा. आमच्या घरचा वास. कुलूप गार होतं. दार उघडलं तेव्हा करकरलं नाही, कुणीतरी आतून हलकेच ओढल्यासारखं आत गेलं.

खोलीत उजेड नव्हता, खिडकीचा तेवढा होता, मळक्या नारिंगी रंगाचा. त्या उजेडापुढे ती उभी होती, माझ्याकडे पाठ करून. अंजिरी पैठणी, डोक्यावर पदर. मला वाटलं होतं मी घाबरेन. मी आधी तिच्या पायांकडे बघितलं. उजवा पाय डाव्या पायावर ठेवून उभी होती. स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना ती अशीच उभी राहायची, एका पायानं दुसऱ्याला दाबून. आई ओरडायची, बगळ्यासारखी काय उभी राहतेस.

खालून लोकांचा आवाज आला, लाटेसारखा. राणीसाहेब, राणीसाहेब. तिनं ताट उचललं. ज्योत फिरायला लागली. मला ताट दिसत नव्हतं, भिंतीवर फिरणारा उजेड दिसत होता. त्या उजेडात तिची सावली मात्र पडत नव्हती. माझी पडत होती.

तीनदा फिरलं. मग दोनदा वर-खाली. खाली लोक रडत होते, एक बाई मोठ्यानं म्हणत होती, "ज़िंदा हैं, ज़िंदा हैं."

आता म्हणायचं होतं. मी श्वास घेतला. जा, एवढंच. तुम्ही म्हणाला असता. कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता. मी माझ्या बहिणीच्या टाचांकडे बघत होतो. टाचांच्या भेगांत राख होती.

"ताई," मी म्हणालो. "सगळ्यांना ओवाळलंस... माझं राहिलं."

भिंतीवरचा उजेड थांबला.

ती वळायला लागली तसा मी खाली बसलो, फरशीवर, मांडी घालून. मान वर केली नाही. पदराचा काठ दिसला, त्यावर तिनं स्वतः केलेलं रफू. मग ताट आलं, माझ्या तोंडापुढे. निरांजन, सुपारी, अक्षता. ज्योतीला ऊब नव्हती. एवढी जवळ होती की भुवया जळायला हव्या होत्या, आणि तिच्यातून गारवा येत होता, फ्रीज उघडल्यावर येतो तसा. कपाळावर बोट टेकलं. ओलं आणि गार.

ओवाळून झालं. ताट माझ्यापुढे स्थिर धरलेलं. ओवाळणी घालायची असते. मी खिसे चाचपले, काही नव्हतं.

"घरी चल," मी म्हणालो. "आई वाट बघतेय... चल घरी."

ताट दोनदा वर-खाली झालं. मग दिवा विझला.

खोलीत मी एकटा होतो. खिडकीशी पैठणी पडली होती, घडी घातलेली.

मागून दिलीपकाका राणीसाहेबांना धरून जिना चढत होते. "गेली?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. "जा म्हणालास ना, साकेत?" मी तोंड फिरवलं. त्यांना वाटलं मी रडतोय.

राणीसाहेब खिडकीत गेल्या. चौकटीला टेकल्या आणि एका हातानं डोक्यावरचा पदर मागे सारला. खाली एकदम शांत झालं. इतकं शांत, की त्या पोराच्या काठीवरच्या दिव्याभोवती किडे आपटताना ऐकू येत होते.

"गेली ती... क्षिप्रा," राणीसाहेब म्हणाल्या. आवाज खोलीच्या बाहेरही गेला नसेल. "क्षिप्रा... तिचं नाव..."

"ये कौन है?" खालून कुणीतरी म्हणालं.

"असली अभी तो यहीं थी. उसको हटा दिया क्या?"

"नकली है. मुँह देखो इसका."

वडील मला गोष्ट सांगायचे. पानिपतावर भाऊसाहेब पडले आणि पुढे त्यांच्या नावानं एक तोतया उभा राहिला, कितीतरी लोकांनी त्यालाच खरं मानलं. इथे खरी बाई उभी होती आणि लोक तिलाच तोतया म्हणत होते. एक खडा येऊन झडपेवर आपटला. पगडीवाल्या म्हाताऱ्यानं वर बघितलं, नातवाचा हात धरला आणि पाठ फिरवली. राणीसाहेब तशाच उभ्या होत्या. न मिटणारा डोळा वाहत होता. त्यांना परत आत ओढावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तेच सगळीकडे होतं. 'आंबेझरीत राणीच्या जागी तोतया.' ताईचं नाव कुठेच नव्हतं. मी आता उत्तरं देत नाही.

त्या संध्याकाळी घरी आलो, तर खाली किराणा दुकानवाला केतन शटर ओढत होता. "भैया, दीदी आ गई? मम्मी तो बोली थी कि..." तो थांबला. "ऊपर खिड़की में दिखी अभी. दीया लेके."

मी जिने धावत चढलो. आईनं दार उघडलं. कितीतरी दिवसांनी ती पलंगावरून उठली होती. केस विंचरले होते. माझ्या कपाळाकडे बघून तिनं विचारलं नाही, कुंकू कुणी लावलं. बाजूला झाली आणि म्हणाली, "हात धुऊन घे. तिला आणि तुला एकदमच वाढते."

घरात बदल झाला. खोटं कशाला बोलू, चांगलं वाटलं मला. आई जेवायला लागली, बोलायला लागली. दिवेलागणीला स्वयंपाकघरात तुपाचा वास येतो. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत बसतो, आत जात नाही. ओट्यावर पितळी ताट आहे. ते वाजतं. दोनदा. उचलून ठेवल्यासारखं. हलकंच आहे.

आधी मला गंमत वाटली. मी ताटात नोट ठेवली. संध्याकाळी ताट वाजलं. वडिलांचं घड्याळ ठेवलं, वाजलं. आईनं आपलं जपून ठेवलेलं मंगळसूत्र ठेवलं, जिलेबी ठेवली, तरी वाजलं. सकाळी सगळं जागच्या जागी असतं. तिला ते नको आहे. आणि आवाज वाढतोय. आता आपटल्यासारखं वाजतं.

गल्लीत लोक यायला लागले आहेत. आधी एक-दोन होते. आता संध्याकाळ झाली की खाली उभे राहतात, फोन वर धरून. राणीला इथे लपवून ठेवलंय, असं कुणीतरी पसरवलंय. आमच्या खिडकीकडे बघून मुजरा करतात. मी पडदा लावला, तर म्हणतात, पडद्यामागे दिसली.

दिलीपकाकांचा फोन येतो. मी उचलत नाही. ते काय विचारणार ते मला माहीत आहे. एकच शब्द आहे. रोज दिवेलागणीला मी तो तोंडात घेऊन बसतो. आई माझ्याकडे बघते, आणि मी गिळतो.

काल दिवेलागणीला आई माझ्या आधी उठली. मला कळायच्या आत स्वयंपाकघरात गेली. मी दारात पोचलो तेव्हा तिनं आपला उजवा हात ताटात ठेवला होता, तळवा वर करून, सुपारीच्या शेजारी. वाट बघत होती. मीही बघत होतो. तुपाचा वास आला. उजेड भिंतीवर तीनदा फिरला.

त्यानंतर ताट वाजलं नाही. पहिल्यांदाच नाही.

आई हसली. "लागलं वजन," म्हणाली.

आज सकाळपासून तिचा तो हात गार आहे. कोपरापर्यंत. डॉक्टर म्हणाले, थंडीचे दिवस आहेत, हातमोजे घाला. मी हात माझ्या हातांत घेऊन चोळत बसलोय. मघाशी मनगटापर्यंत ऊब येतेय असं वाटलं, म्हणून मी तो गालाशी नेला. नखांत राख आहे. आई आज चुलीजवळ गेलेली नाही.

आणि खालून 'राणीसाहेब' असं ऐकू आलं, आमच्या खिडकीकडे बघून कुणीतरी मुजरा केला बहुतेक. दिवेलागणीला अजून वेळ आहे.